जोहेहून मुंबई बघायला निघताना

जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांतून दरवर्षी हजारो गणपती मुंबईला जातात. ज्यांच्या हातून ते घडतात, त्यांतल्या पुष्कळांची मुंबई मात्र लालबाग-परळचा एखादा मंडप, एखादं मोठं रुग्णालय आणि नातेवाइकांच्या चाळीतली खोली एवढीच असते. कामापुरतं जायचं आणि टेम्पोबरोबर परत यायचं. शहर म्हणून मुंबई बघायची राहून जाते. खरं तर वर्षभर मातीत हात असणाऱ्या माणसाला या शहरात बघण्यासारखं फार आहे आणि ते जवळजवळ सगळं एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे. म्हणून घरातून निघण्यापासून रात्री परत येईपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे सांगतो आहे. पेणहून किंवा रोह्याहून निघणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या. एका दिवसात मुंबईचा एकच पट्टा बघायचा. गेटवे, सिद्धिविनायक, राणीचा बाग, जुहू आणि हाजी अली अशी यादी करून निघालेलं कुटुंब दिवसातले सहा तास गाडीत घालवतं आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढण्यापुरतं थांबतं. आपण कारखान्यात एका दिवशी सगळ्या मूर्तींची आखणी काढायला घेत नाही, तसंच हे. पहिल्या वेळी फोर्ट आणि गेटवेचा भाग घ्यावा. घारापुरीला वेगळा दिवस द्यावा आणि भायखळ्याला तिसरा.

दिवस कोणता निवडावा

पावसाळ्यात फिरायला म्हणून जाऊ नये. गेटवेवरून सुटणाऱ्या साध्या लाँच साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की कुर्ला-चुनाभट्टीच्या बाजूला रुळांवर पाणी चढतं आणि आपली परतीची लोकल तिथेच अडकते. तसंही ते दिवस आपल्याकडे मूर्तींच्या घाईचेच असतात. अनंत चतुर्दशीनंतर हात मोकळे होतात, पण ऑक्टोबरचं ऊन फोर्टात पायी फिरायला त्रासाचं असतं. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला.

वार निवडताना बरेच जण चुकतात. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. बुधवारी राणीचा बाग आणि त्याला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला मोठी रांग लागते. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. मेगाब्लॉक म्हणजे रुळांच्या आणि तारांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक तास लोकल बंद ठेवणं. त्यामुळे गुरुवार किंवा शुक्रवार उत्तम. मुलांच्या शाळेमुळे रविवारच सोयीचा असेल, तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हार्बर मार्गाच्या ब्लॉकची वेळ बघून घ्या. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चार-साडेचारपर्यंत चालतो. त्याआधी मुंबईत पोहोचलात आणि तो संपल्यावर निघालात, तर त्याची झळ लागत नाही.

पनवेलपर्यंत

जोहेहून मुंबईच्या वाटेवरचा खरा सांधा पनवेल आहे. तिथवर जायचे दोन मार्ग. हमरापूर किंवा पेण स्थानकातून मेमू, म्हणजे कमी अंतराची सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी, पकडायची. नाहीतर महामार्गावरून एसटी. मेमू स्वस्त आहे आणि रस्त्याच्या कोंडीतून सुटका करते, पण तिच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत. एक चुकली तर पुढच्या गाडीसाठी फार थांबावं लागतं. म्हणून मेमूने जायचं ठरलं, तरी ती चुकल्यास कोणती एसटी धरायची हे आधी विचारून ठेवावं.

एसटीला फेऱ्या पुष्कळ. अलिबागकडून येणाऱ्या पनवेल आणि मुंबईच्या गाड्या पेणवरूनच पुढे जातात. विनाथांबा गाडी मधल्या फाट्यांवर थांबेलच असं नाही. त्यामुळे हमरापूर फाट्यावर हात दाखवत उभं राहण्यापेक्षा मिनीडोर रिक्षाने पेण गाठून तिथून बसावं. बसायला जागाही मिळण्याची शक्यता जास्त. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. वयाची सवलत घेणाऱ्यांनी आधार कार्ड खिशात ठेवावं. पुष्कळदा ते घरीच राहतं आणि वाहकाशी उगाच वाद होतो.

पनवेलचा एसटी स्टँड आणि रेल्वे स्थानक लागून नाहीत. बरोबर वयस्क माणसं असतील तर रिक्षा करावी.

लोकलमध्ये

पनवेलहून जी लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते, ती हार्बर मार्गाची. लोक अजूनही त्या टर्मिनसला व्हीटी किंवा सीएसटी म्हणतात. स्थानकावरच्या फलकावर सीएसएमटी लिहिलेलं दिसेल. पनवेलहूनच दुसऱ्या गाड्या ठाण्याकडेही जातात, त्यांना ट्रान्स-हार्बर म्हणतात. गर्दी बघून धावत गाडीत शिरणारी माणसं नेमकी इथे फसतात आणि वाशीऐवजी ऐरोलीला पोहोचतात. चढण्यापूर्वी फलाटावरच्या इंडिकेटरवर शेवटचं स्थानक वाचा. ते समजलं नाही तर शेजारच्याला विचारा. मुंबईकर घाईत असतो, पण गाडीबद्दल विचारलं तर उत्तर देतो.

तिकीट परतीचंच काढावं. संध्याकाळी सीएसएमटीच्या खिडकीवरची रांग त्यामुळे टळते. रेल्वेच्या मोबाइल ॲपवर काढणार असाल तर स्थानकात शिरण्यापूर्वी काढा. विनातिकीट गाडीत बसून मग ॲप उघडलं तर त्याचा उपयोग होत नाही.

पनवेलला गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सकाळीही बसायला जागा मिळू शकते. पण वाशीनंतर ती भरते आणि कुर्ल्याला तुडुंब होते. नोकरीवर जाणाऱ्यांची गर्दी साधारण आठ ते साडेदहा असते. लहान मुलं बरोबर असतील तर सातच्या आत पनवेल सोडावं किंवा सरळ साडेदहानंतर निघावं. बायकांनी महिलांच्या डब्यात आणि पुरुषांनी जनरल डब्यात चढायचं ठरलं, तर उतरल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. सीएसएमटी हे शेवटचंच स्थानक असल्यामुळे उतरण्याची घाई नसते. सगळे उतरेपर्यंत शांत बसून राहा. दारात उभं राहून मोबाइल हातात धरू नका. रुळांच्या बाजूला उभी असलेली पोरं हातावर फटका मारतात आणि फोन खाली पडतो.

चारचाकीने जाणाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. चिर्ले-न्हावाशेवा ते शिवडी असा जवळपास बावीस किलोमीटरचा हा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. वेळ पुष्कळ वाचतो. मात्र दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना त्यावर बंदी आहे. टोल भरावा लागतो आणि पुलावर थांबून फोटो काढले तर दंड होतो. शिवाय फोर्टात गाडी लावायला जागा शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. एका कुटुंबासाठी मला लोकलच बरी वाटते.

फोर्टातली पायपीट

गाडीतून उतरल्यावर लगेच टॅक्सीच्या मागे लागू नका. आपण जिथे उतरलो तेच बघायचं पहिलं ठिकाण. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ ठरवलं. बाहेर पडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला रस्ता ओलांडा आणि मग वळून बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. भिंतींवर पानं, पक्षी, माकडं, माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. यातलं बरंच नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, शिकणाऱ्या मुलांच्या हातचं आहे. ज्याने स्वतः साचा काढला आहे, तो माणूस इथे अर्धा तास सहज रमतो. कोणती पाकळी खोल घेतली आहे, कुठे कडा मऊ केली आहे, हे त्याला न सांगता दिसतं.

तिथून उत्तरेला दहा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. ही १८६९ ची. बहुतेक लोक फळं आणि सुकामेवा घेऊन बाहेर पडतात. आपण आत शिरण्यापूर्वी दाराच्या वर बघा. शेतकऱ्यांची उठावातली शिल्पं दिसतील. ती जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. ते कलाशाळेत शिल्पकला शिकवत. त्यांचा मुलगा रुडयार्ड १८६५ मध्ये त्याच आवारात जन्मला आणि पुढे प्रसिद्ध लेखक झाला. ही कलाशाळा मंडईच्या समोरच्याच अंगाला आहे. ती १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून उभी राहिली. शिक्षणाची जागा असल्याने आत फिरता येईलच असं नाही, पण फाटकावरून जाताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावात, गणपती घडवणाऱ्या घरात, १८९१ मध्ये एक मुलगा जन्मला. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्याला याच कलाशाळेत पाठवण्याची सोय केली. ते नानासाहेब करमरकर. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा त्यांनी केला. आपल्या पोरांना कागद-पेन्सिलीपासून दूर ओढून फक्त घासाईला बसवणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता मागे फिरून सीएसएमटीवरून दक्षिणेला दादाभाई नौरोजी रस्ता धरा. दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली सलग कमानीदार ओवऱ्या आहेत. त्यांच्या सावलीतून चालता येतं. दहा-पंधरा मिनिटांत फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा चौक. कारंजं १८६४ चं आहे. शेजारचं स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं. इथे रोह्याच्या माणसाचं नाव काढायला हवं. चिंतामणराव देशमुख हे घराण्याने रोह्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुलांबरोबर असाल तर जवळच पिरोजशा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं.

पुढे काळा घोडा ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कोनशिला १९०५ ची, सर्वांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, इथे रुग्णालय होतं. सगळी दालनं बघायला गेलात तर पाय गळून जातात आणि शेवटी काहीच लक्षात राहत नाही. आपण तळमजल्यावरचं शिल्पांचं दालन निवांत बघा. त्यात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती शोधा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या मातीवर चेहऱ्याचा शांतपणा, वस्त्राच्या चुण्या आणि बोटांची ठेवण जशीच्या तशी टिकून आहे. जोहेच्या माणसाने मुंबईत एकच गोष्ट बघायची असेल, तर मी तिथे नेईन. बरोबर घरातला ज्येष्ठ मूर्तिकार असेल तर त्याला घाई करू नका. तिथे खुर्ची किंवा बाक बघून बसू द्या. बाकीचे तोवर वरचे मजले फिरून येतील. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, ती दाराशी जमा करावी लागते. फोटोसाठीचे नियमही दाराशीच विचारून घ्या.

संग्रहालयातून गेटवे ऑफ इंडिया पायी पाच-सात मिनिटांवर. संग्रहालय आणि गेटवे दोन्ही जॉर्ज विटेट यांनी आखलेली. पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून ही कमान, पण ती पूर्ण झाली १९२४ मध्ये. राजाच्या स्वागताला तेव्हा नुसती पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी होती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून गेली. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आत जाताना पिशव्या तपासतात, तेव्हा कटर, पालेट, ब्रशची सुरी असलं काही पिशवीत राहिलं असेल तर ते सकाळीच घरी काढून ठेवा. झटपट फोटो छापून देणारे मागे लागतात. हवा असेल तर पैसे आधी ठरवा, नको असेल तर एकदाच स्पष्ट नाही म्हणा.

हे सगळं अंतर मिळून चार किलोमीटरच्या आसपास होतं. नवी चप्पल घालून येऊ नका.

संध्याकाळ पश्चिमेला

सूर्य मावळताना मरीन ड्राइव्हला असावं. गेटवेवरून टॅक्सी किंवा बेस्टची बस घेऊन चर्चगेटला या. तिथून समुद्र पाच मिनिटांवर. साडेतीन किलोमीटरची ही वाट नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाते. कठड्यावर बसायला जागा मिळते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. किनाऱ्यालगतचे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात, लाटेचा जोर मोडण्यासाठी टाकलेले आहेत. त्यांवर उतरू नये. ते शेवाळाने निसरडे असतात आणि मधल्या फटीत पडलेला माणूस बाहेर काढणं फार अवघड जातं. भरतीचं पाणी किती वेगाने चढतं हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, पण मुलांना ते माहीत नसतं.

गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे; १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते इथेच. अनंत चतुर्दशीला आपल्याकडच्या कित्येक मूर्ती शेवटी ज्या पाण्यात उतरतात ते हेच. वर्षभर शांत असलेली ही वाळू एकदा तरी बघावी.

ज्यांना सिद्धिविनायकाचं दर्शन करायचंच आहे, त्यांना आता सोपं झालं आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते. सीएसएमटी किंवा हुतात्मा चौक स्थानकातून बसलात की सिद्धिविनायक याच नावाच्या स्थानकावर उतरता येतं, गाडी बदलावी लागत नाही. हाजी अलीला मात्र भरतीची वेळ बघून जावं, कारण दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते.

घारापुरी आणि भायखळा

घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, पण तिथे जायचा नेहमीचा रस्ता गेटवेवरून. लाँचला साधारण तासभर लागतो. सकाळी नऊच्या सुमारास निघालात तर ऊन चढायच्या आत लेणी बघून होतात. गाइडच्या मागे धावत एकेक लेणं मोजण्यापेक्षा मुख्य लेण्यात बसून राहा. माणसाच्या तिपटीहून उंच अशी तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती तिथे आहे. डावीकडचं मुख उग्र, उजवीकडचं कोमल आणि मधलं ध्यानमग्न. तिन्ही भाव एकाच दगडात. पुढच्या वर्षी शंकराच्या रूपातला गणपती करायचा असेल, तर या चेहऱ्यांच्या पापण्या आणि ओठ नीट बघून ठेवा.

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या चढायच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, सावलीही आहे. माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, म्हणून खाणं उघडं धरू नका. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या विचारा. तिथे मुक्काम करता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून 'नीलकमल' ही प्रवासी बोट बुडाली आणि माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटबाबत कडक तपासणी सुरू झाली. जॅकेट हातात न ठेवता अंगात घालून बंद बांधा, मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. बोटीत दाटी वाटली तर पुढच्या बोटीने जा.

भायखळ्याला जायचं तर हार्बरने सॅण्डहर्स्ट रोडला उतरा. हार्बरचे फलाट वर आहेत. खाली उतरून मध्य रेल्वेची धीमी लोकल घेतली की पुढचंच स्थानक भायखळा. मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन आणि वाघ बघायचे असतात, ते त्यांनी बघावेत. पण त्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सोडू नका. १८७२ मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. कपाटांमध्ये मातीच्या छोट्या छोट्या आकृत्या मांडल्या आहेत: जुन्या मुंबईतले निरनिराळ्या समाजांचे लोक, त्यांच्या पगड्या, नऊवारी, कारागीर आणि त्यांची हत्यारं. बोटभर उंचीच्या माणसाच्या पागोट्याचा एकेक पेच वेगळा काढलेला आहे. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तो मूळचा घारापुरीचा. त्यालाच बघून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. घारापुरी आधी झाली असेल तर या हत्तीची ओळख मुलांना लगेच पटते.

गणेशोत्सवात आपलीच मूर्ती मंडपात बसलेली बघायला जाणाऱ्यांनी कुर्ल्याला गाडी बदलून धीम्या लोकलने चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरावं. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात. नवसाची रांग चरणांपर्यंत जाते आणि तिला कित्येक तास लागतात. मुखदर्शनाची रांग लांबून दर्शन देते आणि पुष्कळ लवकर सरकते. लहान मूल बरोबर असेल तर मुखदर्शनाचीच धरा. शेवटचे तीन दिवस टाळा.

खाणं, टॅक्सी आणि चुकामूक

दुपारचा डबा घरून आणला तर फोर्टात बसून खायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळची न्याहारी गाडीत आणि दुपारचं जेवण बाहेर असा हिशेब ठेवा. सीएसएमटीसमोर आणि फोर्टाच्या गल्ल्यांमध्ये साधी उडुपी हॉटेलं भरपूर आहेत. राइस प्लेट मागितली की पोटभर मिळतं. नोकरदारांची जेवणाची वेळ एक ते दोन, त्याआधी किंवा नंतर बसा. पाण्याच्या बाटल्या घरून भरून घ्या. स्वच्छतागृह संग्रहालयात चांगलं आहे, तिथे सगळ्यांनी जाऊन यावं; पुढे मरीन ड्राइव्हला अडचण होते, बायकांची विशेष.

काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच चालते. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं ३१ रुपये आहे. बसताना मीटर पाडायला सांगा; उक्ते पैसे सांगणाऱ्याला सोडून पुढची टॅक्सी करा. रिक्षा दक्षिण मुंबईत मिळत नाही, ती वांद्रे आणि शीवच्या पलीकडेच. बेस्टच्या साध्या बसला दहा रुपयांपासून तिकीट आहे, सुटे ठेवा.

चुकामूक झाली तर हरवलेल्या माणसाने शोधत फिरू नये. जिथे शेवटचं सगळ्यांना पाहिलं तिथेच थांबावं, असं घरीच ठरवून ठेवा. मुलांच्या खिशात आणि ज्यांना फोन वापरता येत नाही अशा आजी-आजोबांच्या खिशात नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. फोनची बॅटरी संध्याकाळी नेमकी संपते आणि पाठ नंबर कुणालाच नसतो.

परतीची वाट

परतीची वेळ पुढून न मोजता मागून मोजा. पनवेलहून पेणकडे येणारी शेवटची सोयीची एसटी किंवा मेमू कोणती, हे सकाळी पनवेलच्या चौकशी खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या. त्यातून लोकलचा दीड तास, स्थानकापासून स्टँडपर्यंतचा अर्धा तास आणि आणखी अर्धा तास हाताशी म्हणून वजा करा. जी वेळ उरेल त्या वेळी आपण सीएसएमटीच्या फलाटावर असलं पाहिजे. हार्बरच्या गाड्या एक आणि दोन नंबरच्या फलाटावरून सुटतात. संध्याकाळी सहा ते आठ गर्दी कमालीची असते, पण गाडी इथूनच निघत असल्यामुळे एक सोडून दुसरी धरली तर बसायला मिळतं.

एखाद्या वेळी समुद्रमार्गे परतून बघा. गेटवेवरून मांडव्याची लाँच तासाभरात पोहोचते आणि मुंबई पाण्यावरून कशी दिसते ते कळतं. पावसाळ्यातही बहुतेक दिवस चालणारी, गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मात्र दुपारीच निघा. मांडव्याहून बस अलिबागला जाते आणि तिथून पेणची एसटी धरावी लागते. संध्याकाळची शेवटची लाँच घेतली तर पुढचा प्रवास रात्रीचा होतो. वेळ हाताशी असेल तर वाटेत सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. माणसं, म्हैस, कोळीण, सगळी इतकी जिवंत केली आहेत की कलाशाळेच्या फाटकावर सांगितलेली गोष्ट मुलांना तिथे प्रत्यक्ष दिसते. ते उघडं आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

रात्री पेणला उतरल्यावर जोहेकडे मिनीडोर मिळेलच याचा भरवसा नसतो. सकाळी निघतानाच दुचाकी पेणला ओळखीच्या घरी लावून ठेवा किंवा शेजारच्या कुणाला तरी आणायला यायचं सांगून ठेवा, आणि लोकल पनवेलला पोहोचली की त्याला फोन करा.